फक्त इथेच वाचण्यासाठी

असा शिक्का मीच मारला होता
केमियार्वीच्या वाचनालयात, गाडीदुरुस्तीच्या जाडजूड पुस्तकावर.
ओइवा हुर्स्काइनेननं तो सावकाश वाचला,
काचेबाहेर उणे सव्वीसात
थिजलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं, म्हणाला,
"बरं. मग तिला आत आणतो."

तेव्हापासून ते पुस्तक घरी जातं.

परत आलं की मी पानं चाळते.
रेडिओचं प्रकरण अजून कोरं करकरीत.
हीटरच्या पानावर मात्र अख्ख्या गावाचे काळे अंगठे,
जणू सगळ्यांनी मिळून
थंडीविरुद्ध अर्ज केलाय.

पान दोनशे बारा, पाण्याचा पंप.
छापलंय: चौथा बोल्ट सहज निघतो.
समासात पेन्सिलीनं: नाही निघत.
खाली वेगळं अक्षर: तापव, मग निघतो.
त्याखाली, बारीक, तिरकं:
तुटला. आता?

अक्षर मी ओळखते. आरागिरणीपलीकडची सिल्वी.
तीन हिवाळे घसरगाडी ढकलत
दुकानात येते, बटाटे नेते,
गाडीबद्दल चकार शब्द नाही.

आज ओइवानं पुस्तक परत केलं,
एक दिवस उशिरा, ग्रीसचा वास लागलेलं.
मी दोनशे बारा उघडलं.
'आता?'च्या खाली त्याचं गिचमिड:
मधोमध भोक पाड, उलट्या आट्यांचा स्क्रू घाल.
ड्रिल माझ्याकडे आहे.

दंड मी घेतला. नियम तो नियम.
तो गेल्यावर फोन फिरवला:
"सिल्वी, तू मागितलेलं पुस्तक आलंय."

तिनं काही मागितलं नव्हतं.