तिमिंगिल

वाईत समुद्र नाही.
एप्रिलात गणपती घाटाच्या खालच्या पायरीशी
कृष्णा घोट्याएवढी.
म्हशी नुसत्या उभ्या राहतात,
बसण्याइतकं पाणी नसतं.
तिथून शंभर पावलांवर आमचा छापखाना,
आणि त्या दिवशीच्या गॅलीत, कोशाच्या 'त'मध्ये
तो आला.

मूळ प्रत मी मोठ्यानं वाचायची.
टेंबेशास्त्री ओल्या प्रुफावर बोट सरकवत ऐकायचे.
"तिमिंगिल. पुल्लिंगी. समुद्रातला अजस्र मासा."
बोट थांबलं.
"इथं तिमिगिल झालंय. टिंब गेलं."

शिकंदर मुलाणी खिळे जुळवता जुळवता केसमागून म्हणाला,
"एवढा थोरला मासा, शास्त्रीबुवा,
टिंबावाचून त्याचं काय अडतंय?"

शास्त्री हसले नाहीत.
"तिमी म्हणजे मासा. आपला शेंगाळा नव्हे, गावाएवढा.
तिम् म्हणजे भिजणं. ही पोर कणीक तिंबते ना घरी,
ते तिंबणं तिथलंच.
आणि गिल म्हणजे गिळणारा.
तिमीला गिळतो तो तिमिंगिल.
शब्द नुसते शेजारी ठेवलेस तर शेजारीच राहतील.
मध्ये टिंब आलं की जबडा मिटला.
तू काढलंस, आणि तिमी सुटला बघ."

"आणि ह्याला गिळणारा?" मी विचारलं.
"तिमिंगिलगिल. आहे. खालच्याच ओळीत."
"आणि त्याला?"
"व्याकरण अडवत नाही. कॉलम संपतो."

मग बराच वेळ फक्त ट्रेडल चालू होतं.

शिकंदर म्हणाला, "पण पाहिला कुणी?"
"जे परत आले त्यांनी ऐकला, सांगितला.
पाहिला असेल तो न आलेल्यांनी."

आम्ही तिघांनी समुद्र पाहिलेला नव्हता.
शास्त्री पसरणीच्या घाटापलीकडे क्वचितच गेलेले,
शिकंदरचा भाऊ गोदीत होता, त्याची पत्रं यायची,
त्यांत पाण्याबद्दल एक अक्षर नसायचं.
मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी धोमचं.

ते काही झडप घालून आलं नाही.
आधी ओढ्याला ओढा म्हणता येईना,
मग मळईतली वांगी,
मग विहीर. भरलेल्या विहिरीवरून पाणी गेलं
तेव्हा विहीर कुठं संपली ते दिसलं नाही.
देवळाचा कळस दोन दिवस होता,
त्यावर एक खंड्या बसायचा.
आम्ही ट्रकमध्ये. मांडीवर जातं.

त्या पावसाळ्यापासून आई 'जेव' म्हणाली नाही.
पत्र्याच्या खोलीत ताट आदळायची: "गीळ."
बापाला: "गिळून घ्या."
स्वतःबद्दल कुणी विचारलं तर:
"गिळले दोन घास."
मला वाटायचं, चिडली आहे.
'ग' कधीच छापून झाला होता. त्या संध्याकाळी
मी जुना फर्मा काढून 'गिळणे' शोधलं.
सहा ओळी होत्या. सगळ्या बरोबर होत्या.

शिकंदरनं चिमट्यानं बिनटिंबाची वेलांटी उपसली,
टिंबाची बसवली, दोरी पुन्हा आवळली.
काढलेला खिळा केसात टाकणार
तोच मी हात पुढे केला.
"घे," म्हणाला, "मालकाला सांगू नकोस.
तुझा तिमी."

रात्री चुलीपुढे आईनं तो माझ्या मुठीतून काढला,
उजेडाकडे धरला.
शिशाचा, ज्वारीच्या ताटाच्या काडीएवढा,
टोकाला वाकडी रेघ.

"गळ आहे का गं हा?"
मी काही बोलले नाही.
तिनं तो तळहातावर एकदा झेलला, पुन्हा झेलला.
"एवढ्याशा गळाला," ती म्हणाली,
"काय लागणार?"
आणि परत न देता
कनवटीला लावला.