अठरापैकी नऊ

बलदियाच्या सभागृहात मला पुढच्या रांगेत बसवलं,
एसी थेट मानेवर.
नाव विचारलं. निवृत्ती लोखंडे.
शाजीनं अरबी करताना नावाचंही भाषांतर केलं,
तेव्हा कुणीतरी म्हणालं,
रिटायर झालेल्या माणसाला कशाला बोलावलंत?
सगळे हसले, मीही हसलो.
पंपावर सतरा वर्षं झाली.

विषय : उम्म अस्-सदफचं गोल्फ मैदान.
तोटा सलग चौथ्या वर्षी.
मागणी : आणखी दोन लाख दिनार.

जवाहेरबाई आधी उठल्या. हातात शाळेच्या छताचा फोटो,
तिसरीच्या वर्गात बादली, बादलीत पाणी.
नको तिथं हे असं गळतंय, म्हणाल्या,
आणि हवं तिथलं आपण चेंडूला पाजतो.
एकानं हॉटेलवाल्याला भाड्यानं द्या म्हटलं.
एकानं कबरस्तानाला जागा पुरत नाही, याची आठवण दिली.

मग हाजी मक्की. मेंदीची दाढी, वय ऐंशीच्या पुढं.
"आम्ही तेलकंपनीत कॅडी होतो
तेव्हा मैदानावर गवताचं पातं नव्हतं.
वाळूवर तेल ओतायचे, फळीनं सपाट करायचे.
ग्रीन कुठलं, ब्राऊन म्हणायचे त्याला.
साहेब खेळायचे, आम्ही चेंडू हुडकायचो.
आता साहेब गेले. गवत आपलं आहे.
आणि आता बंद करता?"

यावर थोडा वेळ
फक्त एसी बोलला.

मला एकच प्रश्न होता : दिवसाला किती पाणी?
उन्हाळ्यात साडेतीन हजार घनमीटर, मी म्हटलं.
सभागृहात एक मोठा श्वास.
कुठलं पाणी, हे कुणी विचारलं नाही.

तुमचंच की.
तुमच्या मोरीतलं, वुझूचं, बाळाच्या अंघोळीचं,
रमझानच्या पहाटे घासलेल्या भांड्यांचं.
प्लँटातून गाळून रात्री दोनला माझ्या टाकीत उतरतं.
शहर कधी झोपलं, ईदला किती पाहुणे आले,
मला टाकीच्या पट्टीवर दिसतं.
गवताला नाही दिलं तर समुद्रात जाईल,
शाळेच्या छताला त्याचा काय उपयोग?
पण जवाहेरबाई चूक होत्या असंही नाही.
ती बादली मी पाहिली. निळी होती, कान तुटलेला.

माझा बाप नीरेच्या कालव्यावर पाटकरी.
दाराची चावी कमरेला, झोपेतसुद्धा.
पाळीवरून कुऱ्हाडी निघायच्या, तेव्हा म्हणायचा,
पाणी सोडणाऱ्यानं मत ठेवू नये, वेळ ठेवावी.
मी मत ठेवलं नाही.
तसं मला ते इथं नाहीही.

सात विरुद्ध पाच.
अठरापैकी नऊ बंद, दहा ते अठरा.
जिंकलो, असं दोन्ही बाजूंनी बाहेर सांगितलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी व्हॉल्व फिरवले.
पहिल्या दिवशी गवताला काही कळत नाही.
तिसऱ्या दिवशी पाऊल उचललं तरी ठसा तसाच राहतो,
पाती उभी राहायचा कंटाळा करतात.
सहाव्या दिवशी रंग राखाडी, जरा निळ्यावर.
नवव्या दिवशी कडेनं मीठ फुलतं,
लांबून बघणाऱ्याला दहिवर वाटावं.

त्या संध्याकाळी हाजी मक्की काठी टेकत आले,
सोळाव्यावर वाकले, बोटांत माती चुरली,
आणि जुन्या साहेबी उच्चारात म्हणाले, ब्राऊन.
तक्रार होती की ओळख पटली होती, मला सांगता येणार नाही.

चौदाव्याच्या मधोमध टिटवीनं चार अंडी घातलीत.
आमच्याकडं टिटवीनं उंचावर अंडी घातली
की पाऊस मोठा, म्हणतात.
ही अगदी सपाटीवर. बरोबर आहे तिचं.
जवळ गेलं की डोक्यावर येऊन शिव्या देते,
त्यातल्या निम्म्या मराठीत.

चौदाचा व्हॉल्व पाव आटा बसत नाही.
जुना आहे, गळतो.
वहीत तसंच लिहिलंय, माझ्या सहीनं.