शेरा

मंगळवार, रक्त तपासायचा.
सगळं सामान बिस्किटांच्या पुठ्ठ्यात मावतं.
होडीतून येताना मी तो मांडीवर धरतो,
खारं पाणी पट्ट्यांना चालत नाही.

हिरावती कुबल, वय चौतीस.
सुई टोचली, बोट दाबलं,
पुन्हा दाबलं.
काहीच येईना.
पहाटे चारपासून बर्फात हात घालून
कोळंबी सोलत होती ती,
किलोमागे मिळतात त्या रुपयांसाठी.
'वायच थांबा,' म्हणाली,
आणि माझ्या चहाचा ग्लास उचलून
दोन्ही तळव्यांत धरून बसली.
प्यायली नाही. नुसती धरून.

मग आला एक थेंब.
पाहुणे वाढले की सोलकढीत पाणी घालतात,
तसा.

सहा पूर्णांक आठ.

'मासळी खा,' मी म्हटलं सवयीनं,
'अंडी, पालेभाजी, गूळ.'
ती हसली तेव्हा हिरड्या दिसल्या,
ओल्या कागदासारख्या.
'मासळी हय खय रवता, भाऊ?
बर्फात बसान जाता ती,
एसीच्या गाडयेन.
आमच्या घरात रवता तो नुसतो वास.'

खिडकीतून जेटी दिसते.
तिथं सिलिंडर रांगेत उभे, पिवळे, चकचकीत,
मुंबई-पुण्याच्या माणसांना
पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून.
आमच्या उपकेंद्रातही एक आहे, काळा.
त्याचा पाना गणपतीपासून सापडत नाही.
(हे मी वर कळवलंय. दोनदा.)

'ओरोसला जा. रक्त चढवावं लागेल.'
तिनं हिशेब मांडला बोटांवर,
टोचलेलं बोट सोडून:
होडी, सहा आसनी, एसटी,
सोबत कोणी आलं तर त्याचंही तेवढंच,
दोन दिवसांची कोळंबी बुडाली ती,
आणि मुकादम दुसरीला पाटावर बसवणार
ते बोटांवर मावेना.
'फुडल्या मंगळवारी बघुया,' म्हणाली,
'तवसर जरा वाढात.'
रक्त म्हणजे जणू खाडी,
ओहोटी लागली तरी भरतीला येणारच परत.

पदर झटकून गेली. चालताना मध्येच
माडाला हात लावून उभी राहिली,
कुणाची तरी वाट बघतेय असं दाखवत.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा,
अर्ध्या बोटाएवढा.
त्यात बसतं तेवढं लिहिलं:
समुपदेशन केले.

चहा पार गार झालेला.
ग्लासाला कोळंबीचा वास.
प्यायलो.
पुढचं नाव पुकारलं.