छान

पहाटे ती आली तेव्हा नळाला पाणी होतं,
म्हणून स्वागत असं काही झालंच नाही.
एका हातात पाइप, दुसऱ्यानं कडी काढली
आणि म्हणाले, "ये, बूट तिथे काढ,"
मराठीतच, त्या घाईत
दुसरी कुठली भाषा सुचायला वेळ नव्हता.
बूट कसले, पोटऱ्यांपर्यंत लोकर.
मार्चमधल्या चुनाभट्टीत.

मारेत तिचं नाव, गाव पार्नू.
सुश्रुतच्या शाळेतल्या अ‍ॅटलासात शोधलं,
तर ते नेमकं दोन पानांच्या शिवणीत गेलेलं.

पालिकेच्या शाळेत सहा महिने शिकवणार, फुकट.
"फुकट?" तळमजल्यावरच्या धुरी वहिनींनी
तीनदा विचारलं
आणि तिच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

पाणी सहा दहाला जातं
हे मी सांगितलं नव्हतं. कुणी सांगतं का असलं?
दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावून उभी राहिली मोरीत,
हाक मारायला शब्द नाही,
शेवटी बादली वाजवली.
पिंपातलं पाणी मी तांब्या-तांब्यानं
दाराच्या फटीतून दिलं.
प्रत्येक तांब्याला आतून एक "थँक्यू".
नऊ झाले.

साठ पेन्सिली आणल्या होत्या तिनं घरून.
सहावी ब मध्ये त्या दिवशी नेमकी एकसष्ट मुलं.
एक पेन्सिल सुरीनं मधोमध कापली म्हणे,
आणि ते अर्धुकच सगळ्यांना हवं झालं.
घसा बसवून घरी आली.
हळद घातलेलं दूध दिलं, तर पेला
दोन्ही हातांत धरून नुसती बसली.
"छान," म्हणाली.

तेवढा एकच शब्द होता तिच्याकडे.
वरण छान. डास छान.
रात्री दोनला पंखा बंद पडला,
अंधारातून तेच.

गुरुवारी ती गॅलरीत, ओल्या कपड्यांच्या मध्ये,
फोनवर आईशी बोलत होती.
भाषेचा एक शब्द मला कळेना,
पण वाक्याच्या शेवटी जरा वर चढवलेला तो आवाज
मला ओळखीचा होता.
फोन करायच्या आधी तिनं दोन तांबे पाणी
नुसत्या डोळ्यांवर मारलं होतं.

खोली मस्त. जेवण मस्त. थंडी? मस्त गं, आई.
सहा वर्षांपूर्वी, हॅलिफॅक्सहून.
मी फोन ठेवला
आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले,
मस्त चाललंय आमच्या सुश्रुतचं.

शनिवारी मुद्दाम कारलं केलं.
"आज छान म्हणायचं नाही," बोट नाचवून बजावलं.
तिनं घास चावला, खूप वेळ चावला,
छताकडे पाहिलं,
मग म्हणाली, "बेक्कार."
हे कुठे शिकलीस? "सहावी ब."
हसता हसता ठसका लागला दोघींना,
आणि मग तिचं बोलणं जे सुटलं,
थोडं इंग्रजी, थोडे हातवारे,
शेवटच्या बाकावर झोपणारा एक मुलगा,
रात्रभर होणारी पंख्याची टकटक,
आपण शिकवतोय की नुसत्या उभ्याच असतो तिथे.
निम्मं कळलं नाही मला.
मान हलवत राहिले.
कारलं मात्र तिनं संपवलं.

रविवारी पावणेसहाला मीच फोन लावला.
तिकडे अजून शनिवारची रात्र.
"पहिल्या आठवड्यात काय काय झालं होतं रे?"
"कुठल्या पहिल्या?"
"तू गेलास तेव्हाच्या."
पलीकडे कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.
बराच वेळ तेवढंच ऐकू आलं.
"किल्ली आत राहिली होती, आई. पहिल्याच रात्री."
"मग?"

मोरीत मारेत पिंप भरत होती.
ते भरून वाहू लागलं,
पाणी उंबऱ्यापर्यंत आलं,
ती "मावशी, मावशी" करतेय,
आणि मी कानाशी फोन धरून, पाय ओले,
"मग? सांग ना. मग काय केलंस?"