उंदराला पाच गुण

एका उंदराला पाच गुण.
हे मी ठरवलं, औलू शहरात, फेब्रुवारीत,
डांबराच्या जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर,
खाली गोठलेल्या खाडीवरून
लोक सायकलींनी घरी जात होते तेव्हा.
रानडुकराला चाळीस. पाणभुताला नव्वद.
दुसरी पातळी शंभरात, तिसरी अडीचशेत,
पुढे दर पायरी आधीच्या दीडपट,
म्हणजे तिसाव्या पातळीला पोचेतो
माणसाचं लग्न होऊन मोडलेलंही असावं.

योर्मा म्हणाला, चढ फार उभा आहे.
पाइविक्की म्हणाली, सपाट आहे, कंटाळतील.
मी रेघ बोटभर वाकवली.
कॉफी गार झाली.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण नाही, कबूल.
पण घाव मोजायचे कुणी,
आणि एका घावाला किती?

मग पवनचक्कीमागे एकाने
तोच उंदीर चार हजार वेळा मारला.
झोपतानाही, बटणावर चमचा ठेवून.
सकाळी त्याची शूर म्हणून नोंद झाली.
आम्ही नियम केला: शंभराव्या उंदरानंतर शून्य.
तो बेडकांकडे वळला.

पाइविक्कीने एकदा जाता जाता विचारलं,
हरल्याबद्दल काहीच नाही द्यायचं?
मी तर हरूनच शिकले सगळं.
म्हटलं, हरण्याला गुण दिले
तर लोक हरायला रांग लावतील.
ती हसली नाही.

आणि सार्नी.
नोंदींमध्ये सापडली, दुसरंच काही शोधताना.
(आमच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द.
कोण ते ठाऊक नाही. मी ती म्हणतो.)
नऊ वर्षं. पातळी तीन.
हातात कंदील, शस्त्र नाही.
रोज सहा ते आठ दलदलीच्या तोंडाशी उभी,
नवख्यांना पलीकडच्या होडीपर्यंत सोडायला.
‘माझ्या पावलावर पाऊल ठेव.
डावीकडचा लव्हाळा खोटा आहे.’
नऊ वर्षांत एवढंच बोलणं.

जे नवखे आठवडाभर टिकले
त्यांच्यातले तिघांत दोघे तिच्यामागून आलेले.
तिच्या नावापुढे दोनशे एकसष्ट गुण,
तेही बहुधा पहिल्या दिवसांतल्या उंदरांचे.

मला वाटलं, हा अन्याय आहे.
अन्याय दिसला की मला रकाना सुचतो.
एक नवखा पार केला की पंधरा गुण.
शुक्रवारी लागू.

रविवारी दलदलीच्या तोंडाशी जत्रा.
चिलखतं घातलेले चाळिसाव्या पातळीचे वीर
नवख्यांना दंडाला धरून ओढत होते.
एक जण दुसऱ्या नावाने जन्म घेऊन
स्वतःच स्वतःला वाचवत होता,
तासाला बावीस वेळा.
कंदील सगळ्यांनी घेतले.
वाण लागलं होतं, आणि गुण
आम्ही मोजून देत होतो.

सार्नी सोमवारी आली.
गर्दीतून एकाला वाट काढून दिली.
होडीशी तिच्या डोक्यावर
सोनेरी अक्षरं उगवली: अधिक पंधरा.
ती थबकली. नोंदीत दिसतं,
चार मिनिटं ती हलली नाही.
मग कंदील विझला.
मंगळवारी नाही. बुधवारी नाही.

गुरुवारी मी ती ओळ पुसली.
योर्माने विचारलं, कारण काय लिहू?
मोजलं म्हणून, असं तोंडात आलं होतं.
म्हटलं, किरकोळ सुधारणा, असं लिही.

खाली उतरलो. खाडीवर अंधार.
पातळ बर्फ चुकवत कुणीतरी
सूचिपर्णीच्या फांद्या रोवून ठेवल्या होत्या,
दर वीस पावलांवर एक.
कुणी, ते कधी विचारलं नव्हतं.
त्यांच्या कडेकडेने सायकल नेली.

नऊ दिवसांनी,
सहा वाजून चार मिनिटांनी, कंदील.

तिच्या नावापुढे आता दोनशे शहात्तर आहेत.
ते पंधरा काढून घ्यायचे का,
रोज फाइल उघडतो,
आणि बंद करतो.