मुद्देमाल

डुलूथच्या पोलीस ठाण्याचं तळघर.
वर सरोवरावरून येणारा वारा, खाली मी
आणि माझे एकोणीस वर्षांचे कप्पे:
सुरे, चोरीच्या सायकली, एक अकॉर्डियन
ज्यावर कुणीच हक्क सांगितला नाही.

वेन निएमेला मार्चमध्ये इथं आला.
बदली म्हणाले. शिक्षा म्हणाले नाहीत.
शिक्षेला गुन्हा लागतो,
आणि गुन्हा नव्हता. तसं साडेतीन पानी पत्रच होतं
सरकारी वकिलांचं.

ती रात्र मी पाहिली नाही, वाचलीय.
गल्ली, पहाटेचे दोन दहा, उणे एकवीस अंश.
समोरच्याच्या हातात काहीतरी चमकलं.
दोन गोळ्या.
सार्जंटने तिथंच, बर्फात उभं राहून,
त्याचं पिस्तूल पिशवीत घालून सील केलं
आणि लगेच दुसरं दिलं,
रिकामी कंबर घेऊन घरी जायला नको म्हणून.
वाचताना मला ते बरं वाटलं होतं.

पगारी रजा. मानसोपचाराच्या तीन बैठका.
पत्र आलं त्या दिवशी कुणीतरी लिंबाचा केक आणला,
पाठ थोपटली: सुटलास!
गोळी सुटली होती, तोही सुटला होता.
मग मिठाचं भांडं पुढे करताना
त्याच्या हातून ते सुटेना, एवढंच बायकोने पाहिलं.

सार्जंटच्या परीक्षेत लेखीला दुसरा.
मुलाखतीत त्या गल्लीबद्दल कुणी काहीच विचारलं नाही.
यादीची मुदत संपली. पुढच्या वर्षीही संपली.
कोर्टात साक्षीला उभा राहिला की
बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला,
म्हणून त्याला साक्षीला बोलावणं थांबलं,
मग ज्यात साक्ष लागेल अशा कामावर पाठवणंही.
जोडीदाराने पाळी बदलून घेतली, मुलीच्या शाळेचं कारण देऊन.
नवी पोरं मात्र कॉफीच्या यंत्रापाशी गाठायची,
डोळे चमकवत विचारायची, कसं वाटतं हो?
हे त्याने मला एकदाच सांगितलं. झाकण लावता लावता.

बारा नंबरच्या रांगेत तो जात नसे.
मी जायचे. आम्ही तसं कधी ठरवलं नव्हतं.
तिथं नोंद क्रमांक ४४१७:
जाकीट, एक हातमोजा, बसचा पास,
सूर्यफुलाच्या बियांची अर्धी पुडी, दहा इंची पाना.

दिवाणी दावा मिटला तसा सोडण्याचा हुकूम आला
आणि गुरुवारी मृताची आई आली,
रोझलिंड टिबेट्स, घडी घातलेली कापडी पिशवी घेऊन.
मी फोनवर होते. मी हात केला, थांब, मी बघते.
तो उठला होता.

बाराव्या रांगेत दिवा जरा उशिरा लागतो.
खोका आणून त्याने एकेक वस्तू मांडली.
जाकीट डॉक्टरांनी कापलंय, म्हणाला, बाहीपासून.
तिने पाना उचलला, वजन केल्यासारखा.
"हा माझ्या भावाचा. परत द्यायचा राहिला होता."

पावतीवर देणाऱ्याचं नाव लागतं,
पूर्ण, सुट्ट्या अक्षरांत, नियम आहे.
तो मला हाक मारू शकला असता.
त्याने लिहिलं.
तिने वाचलं. मग छातीवरची पट्टी वाचली.
मी रिसीव्हर कानाला तसाच धरून होते, पलीकडे कुणी नव्हतं.

"नोकरी आहे तर अजून."
"आहे."
"हं," म्हणाली ती,
आणि बिया तेवढ्या टेबलावर ठेवून गेली.

आता दावा नाही, म्हणून ४४१८ सुद्धा मोकळं झालंय.
ते पिस्तूल. हुकूम स्पष्ट आहे: मूळ धारकाला परत.
पेन्शनला अकरा वर्षं आहेत, घाई कुणालाच नाही.
कोरी पावती त्याच्या खणात पडलीय,
देणारा आणि घेणारा,
दोन्ही रेघांवर त्याचीच सही लागणार.