पावती

ह्राच्याच्या धुलाईखान्यात मी पावत्या फाडते.
ग्युमरीत, बंद पडलेल्या मोजेकारखान्याच्या मागे,
जिथे मार्चपर्यंत नळ गोठलेले असतात
आणि आम्ही रोज सकाळी केटली घेऊन त्यांची समजूत काढतो.
दर भिंतीवर रंगवलेत:
हातचा गालिचा, मीटरला हजार द्राम.
यंत्राचा, पाचशे.
खाली ह्राच्याने स्वतःच्या अक्षरात जोडलंय:
जो डाग निघणार नाही, तो निघणार नाही.

शुशानिकबाई पायी आल्या.
गालिचा मागून, दोन पोरांच्या खांद्यांवर,
आणि या पुढे, कुणाला दवाखान्यात घेऊन आल्यासारख्या.
म्हणाल्या, वार्दगेसने आणला होता,
तीन पगार मोजून. डोंगरातली कुणी एक बाई
दोन हिवाळे मागावर बसली होती, असं तो सांगायचा.
अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात घर बसलं,
तेव्हा ढिगाऱ्याखालून हा ओढून काढला.
वार्दगेस त्यानंतरही बरीच वर्षं होता.
मग थेट विचारलं: तुम्ही प्रामाणिक आहात ना?
ह्राच्या म्हणाला, बाई,
ते मी सांगून काय उपयोग?

त्या गेल्यावर त्याने कोपरा उलटा केला.
हातच्या गाठी बोटांसारख्या असतात,
एकीला दुसरीची उंची नसते.
इथे सगळ्या कवायतीला उभ्या.
झालर ओढून पाहिली: वेगळी आणून शिवलेली.
ओला पांढरा फडका लाल फुलावर दाबला,
फडका पांढराच राहिला.
"पक्का रंग," तो म्हणाला. "नायलॉनला कसली लाज."

पहिलं पाणी करडं निघालं. दुसरंही.
तिसऱ्या पाण्याबरोबर खडे आले,
चुन्याचे, तांदळाच्या कणीएवढे.
म्हणजे तेव्हापासून याला कुणी धुतलंच नव्हतं,
वरवर फेस फिरवून पैसे तेवढे घेतले होते.
ह्राच्याने खडे वेचून चहाच्या बशीत ठेवले.
का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पावतीवरून आमचं वाजलं.
मी म्हणाले, "हातचा" लिहू या,
दर पाचशेच लावू. कुणाचं काय जातंय?
"फुकट दिलं म्हणून खोटं खरं होत नाही."
मग "यंत्राचा" लिहू?
यावर त्याने बराच वेळ हात पुसले.
हात कोरडेच होते.
शेवटी म्हणाला, प्रकाराची जागा मोकळी सोड.
रक्कम लिही. रक्कम खरी लिही.

त्या शनिवारी आल्या.
चष्मा नव्हता, बोटाने वाचलं,
बोट आकड्यावर थांबलं, भिंतीकडे गेलं, परत आलं.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तिघांनी हजाराने घेतले," त्या म्हणाल्या.
"मी दिले. त्याच्या शब्दाखातर दिले.
पहिल्याच हिवाळ्यात शेगडीतली ठिणगी पडली होती.
लोकर जळाली की केस जळल्याचा वास येतो.
तो आला नाही.
वार्दगेस बाजूलाच होता. त्यालाही आला नाही.
आम्ही दोघं खिडकी उघडायला उठलो."

मग बशी दिसली त्यांना.
"आणि याचे किती?"
"ते तुमचंच आहे," ह्राच्या म्हणाला.
रुमालाच्या टोकात बांधून घेतलं,
गाठ दोनदा मारली.

जाताना माझ्याकडे पेन मागितलं.
मोकळ्या जागेत, प्रकार: या शब्दापुढे,
थरथरत्या, पण शाळेत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं:
वार्दगेसचा.

सहा मीटर. तीन हजार.
शंभर सुटे नव्हते,
सोमवारी आणून दिले.